जर्मेनियम, सिलिकॉन की मफ? मुंबईच्या हवेत आठ महिने वापरलेले फझ

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कशावर वाजवून लिहिलंय ते कळेल. डिसेंबर ते जुलै असे आठ महिने. गिटारी दोन: एक सिंगल-कॉइल पिकअपवाली स्ट्रॅट, एक हम्बकर पिकअपवाली. घरी १५ वॉटचा छोटा ॲम्प, जॅमरूममध्ये रोलँडचा जेसी-१२० ॲम्प. फझ म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून दाट करणारं पेडल; अशी पेडलं तीन: एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी लावून हाताने बांधलेला जर्मेनियम फझ फेस, बीसी१०८ ट्रान्झिस्टरवाला सिलिकॉन फझ फेस आणि नॅनो आकाराचा बिग मफ.

निकाल आधीच देतो. वर्षभर बँडसोबत वाजवायचं असेल तर सिलिकॉन घ्या. आवाज सर्वांत सुंदर जर्मेनियमचाच, पण मुंबईत तो थंडीचे दिवस सोडले तर धड वागत नाही. मफ घरात एकट्याने ऐकताना सगळ्यांत मोठा वाटतो आणि ड्रम सुरू झाले की सगळ्यांत आधी हरवतो.

फझ फेस १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणला. मूळ सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब, बस्स. इतकं साधं असल्यामुळेच गिटारच्या पिकअपचा आणि व्हॉल्यूमच्या नॉबचा त्यावर थेट परिणाम होतो. ॲम्पच्या इनपुटचा रोध (इम्पीडन्स) साधारण १ मेगाओहम असतो, फझ फेसचा जेमतेम काही किलोओहम. त्यामुळे गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ७ वर आणला की आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा पोतच बदलतो. दुकानात फझ तपासताना सगळे नॉब पूर्ण फिरवून वाजवतात, तिथेच फसगत होते. पेडलवरचा फझ पूर्ण ठेवा, गिटार ६-७ वर आणा आणि मग ऐका.

जर्मेनियम या जागी जे करतो ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. तंबोऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा नेमक्या जागी सरकला की तार जशी बोलायला लागते, तसं. मूळ स्वर स्वच्छ, त्याच्याभोवती बारीक झणकार, आणि हात जोरात पडला की तो झणकार दाट होतो. सिलिकॉनही गिटार खाली केली की स्वच्छ होतो, पण त्यात काचेसारखा टोकदारपणा उरतो. त्याच्यासाठी गिटारचा व्हॉल्यूम ७ ऐवजी ५ पर्यंत आणावा लागतो आणि गिटारचा टोनही थोडा कमी करावा लागतो.

याच कारणाने फझ फेसच्या आधी काहीही ठेवू नका. बफर (गिटारचा सिग्नल सशक्त करून पुढे देणारं सर्किट) असलेला ट्यूनर आधी आला की व्हॉल्यूमने स्वच्छ होण्याची सगळी गंमत जाते आणि आवाज चिरका होतो. वायरलेस सेट आणि ॲक्टिव्ह पिकअप यांच्याबाबतीतही तेच. वाह (पायाने आवाज उघडबंद करायचं पेडल) आधी लावला तर पेडल मधेच शिट्टी मारतं. फझ आधी, मग वाह. मफला मात्र बफर चालतो.

आता उकाडा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून गळतीचा करंट वाहतो आणि तापमान साधारण दर १० अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. जानेवारीच्या रात्री लावलेला बायस (ट्रान्झिस्टरला दिलेलं स्थिर व्होल्टेज) मे महिन्याच्या दुपारी जागेवर राहत नाही. लक्षण ओळखू येतं: स्वर उमटतो, पण त्याची आस सुटायच्या आत फर्र करून तुटतो, सेल संपत आलेल्या रेडिओसारखा. काहींना हा तुटका आवाज आवडतो. लांब सूर धरायचा असेल तर मात्र तो कामाचा नाही.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावरचा ८.२ के (किलोओहम) रेझिस्टर काढून तिथे १० के किंवा २० के चा प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, बसवा. मल्टिमीटरची काळी दांडी ग्राउंडला, लाल कलेक्टरला. एसी१२८ पीएनपी जातीचा, म्हणजे उणे व्होल्टेजवर चालणारा, असल्यामुळे आकडा उणे दिसेल; उणे ४.५ व्होल्टच्या आसपास आणून मग कानाने बारीक फिरवा. प्रीसेट डब्यात बंद न ठेवता बाहेरच्या नॉबवर घेतला तर उत्तम, कारण वातानुकूलित जॅमरूम आणि बाहेरचं स्टेज यांत बायस पुन्हा लावावाच लागतो.

लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ट्रान्झिस्टर आणणार असाल तर एक सावधगिरी. बीसी१०८, बीसी१०९ घ्यायला काही अडचण नाही. पण जर्मेनियमच्या बाबतीत मल्टिमीटरचा एचएफईचा, म्हणजे गेनचा (ट्रान्झिस्टर सिग्नल किती पट वाढवतो त्याचा) आकडा फुगलेला येतो, कारण गळतीही त्यातच मोजली जाते. एसी१२८ दोन बोटांत धरून मीटरला लावा आणि बोटं तशीच ठेवा: नुसत्या अंगाच्या उबेने आकडा चढत जाताना दिसेल. गळती वजा करून पहिल्या जागी ७० ते ८०, दुसऱ्या जागी १०० ते १२० गेनचा नग बसवावा. दोन लागणार असतील तर दहा तरी तपासायची तयारी ठेवा. थेट डाग देण्याऐवजी सॉकेट लावा. सोल्डरच्या उष्णतेने जर्मेनियम लवकर बिघडतो.

सिलिकॉनला हवामानाचं सोयरसुतक नाही. त्याचा त्रास वेगळा: गेन इतका की खोलीतला सगळा कचरा गोळा होतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या नंबरवर असला की सिंगल-कॉइलमधून ठरलेली भर्रर येते. पंखा पूर्ण वेगात किंवा बंद केला की ती जाते. कधी मागे रेडिओही ऐकू येतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये १०० ते २२० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला की रेडिओ थांबतो आणि टोकदारपणाही थोडा मऊ होतो.

बिग मफ १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने काढला. चार ट्रान्झिस्टर, त्यातल्या दोन टप्प्यांवर डायोडने लाट कापलेली. म्हणून त्याची आस सनईच्या सुरासारखी न तुटता चालते. अडचण त्याच्या टोन सर्किटमध्ये आहे: नॉब मध्यावर असला की १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि गिटार बँडमध्ये ऐकू येते ती नेमकी तिथेच. व्हॉल्यूम वाढवून हे सुटत नाही, फक्त बासवाला चिडतो. सस्टेन घड्याळातल्या १ वर, टोन ११ वर ठेवा आणि मफच्या नंतर ट्यूब स्क्रीमर जातीचं, मिड (मधली पट्टी) उचलणारं ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल वर. मिड परत येतात.

जेसी-१२० वर तिन्ही पेडलं चिरकतात. ब्राइट स्विच बंद, ट्रेबल ३ वर, मिडल ७ वर. तीन सुरांची कॉर्ड कुठल्याही फझमध्ये धरू नका; षड्ज-पंचम ठीक, गंधार आला की चिखल होतो.

पीएनपी जर्मेनियमचं ग्राउंड पॉझिटिव्ह असतं. इतर पेडलांच्या डेझी चेनवर (एकाच ॲडॉप्टरवर अनेक पेडलं जोडणाऱ्या वायरवर) ते लावलं तर ॲडॉप्टर शॉर्ट होतो. त्याला वेगळा आयसोलेटेड आउटपुट द्या, नाहीतर साधी झिंक-कार्बनची ९ व्होल्ट बॅटरी. ती महिनोन्‌महिने पुरते, फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढायची, कारण केबल आत असेपर्यंत पेडल चालूच असतं.

जूनपासून जॅक आणि नॉब खरखरायला लागतात. नॉबमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पेडल पंधरवडाभर वाजवणार नसाल तर आतली बॅटरी काढून ठेवा. दमट हवेत ती पाझरली की पहिल्यांदा बॅटरीची क्लिपच हिरवी पडते.