आधी ‘सीबिस्किट’ की ‘ड्रीम हॉर्स’?

शनिवारी रात्री घरच्यांसोबत घोड्यांच्या शर्यतीचा एकच सिनेमा बघायचा झाला, तर बहुतेक जण ‘सीबिस्किट’ (२००३) सुचवतील. ते चूक म्हणता येणार नाही. ऑस्करची सात नामांकनं आहेत, आणि शर्यती अस्सल वाटतात. जॉर्ज वुल्फ या घोडेस्वाराचं काम गॅरी स्टीव्हन्स या खऱ्याखुऱ्या जॉकीने केलंय, ते त्याच्या बैठकीत दिसतं. क्रिस कूपरचा अबोल ट्रेनर तर माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

पण १९३८ची पिम्लिको रेसकोर्सवरची ती शर्यत! सीबिस्किट घोड्याच्या शेजारी त्याचा प्रतिस्पर्धी वॉर ॲडमिरल. सिनेमा इतका वेळ या क्षणाकडेच चाललेला. घंटा होते, घोडे सुटतात, आणि पडद्यावर येतात रेडिओभोवती बसलेल्या लोकांचे कृष्णधवल फोटो. मंदीत होरपळलेला देश कान देऊन ऐकत होता, हे दिग्दर्शकाला दाखवायचं असावं. पण आमची आई खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती, ती मागे टेकली. घोडे परत दिसले, तरी ती पुढे आली नाही. मधलं इतिहासाचं निवेदनही असंच. गळा दाटून येतोय तोच कुणीतरी समजावून सांगायला लागतं. मला तरी तिथे तुटल्यासारखं झालं.

‘ड्रीम हॉर्स’ (२०२०) त्या मानाने साधा, पुढचं बरंचसं आधीच कळणारा. खाणी बंद पडलेलं वेल्सचं गाव. सुपरमार्केटात राबणारी जॅन ३५० पौंडांत घोडी घेते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आठवड्याला दहा-दहा पौंड गोळा करते, आपल्या भिशीसारखे. शिंगरू वाढतं ते गावातल्या भाजीच्या वाफ्यांपाशी. हे सगळं खरं घडलेलं. त्या शिंगराचा पुढे ड्रीम अलायन्स नावाचा शर्यतीचा घोडा झाला. २००८मध्ये त्याचा पाय जायबंदी झाला, तेव्हा त्याने जिंकलेले पैसे त्याच्याच स्टेमसेल (मूळपेशी) उपचारावर लावले गेले. ‘सीबिस्किट’चा मालक मोटारी विकून गब्बर झालेला, घोडा दुबळा असेल, मालकाचा खिसा नव्हे. ‘ड्रीम हॉर्स’मध्ये चेपस्टो रेसकोर्सच्या कठड्याशी मात्र वर्गणीदार शेजारी उभे असतात. तिथे आई पुन्हा खुर्चीच्या कडेला आली.

तिशीच्या दशकातल्या अमेरिकेची ओढ असेल, तर तुमचं मत वेगळं पडू शकतं. मला विचाराल तर शनिवारी सगळ्यांसोबत ‘ड्रीम हॉर्स’ लावा, ‘सीबिस्किट’ रविवारी दुपारी एकट्याने.