जीलिबसी मोडली: दुरुस्त करायची की लिनक्स नव्यानं टाकायचं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा डिझाइनचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. त्यावर लिनक्सची उबुंटू २०.०४ ही आवृत्ती. नव्या प्रोग्रामला जीलिबसी, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती लिनक्सची मूळ लायब्ररी, २.३४ हवी होती, मशीनवर होती २.३१. कुणीतरी उबुंटू २२.०४ मधली 'लिबसी डॉट एसओ डॉट ६' ही जीलिबसीची मुख्य फाइल जबरदस्तीनं जुनीच्या जागी बसवली. त्याच क्षणी एलएस, सीपी, सुडो अशा रोजच्या कमांड सगळ्या ठप्प. उघड्या टर्मिनलवर फक्त सीडी आणि इको चालत होते, कारण ते बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटातलेच. रीस्टार्ट केल्यावर थेट कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिम सुरू होतानाच बंद पडली.

आधी जीव भांड्यात पडू द्या: तुमच्या फायली शाबूत असतात.

एवढी एकच फाइल बदलली असेल तर दुरुस्तीच करा. त्याच आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालू होतं तो) लावा आणि मशीनची डिस्क माउंट करा, म्हणजे तिच्यातल्या फायली उघडता येतील अशी जोडा. इथे बहुतेक जण लगेच सीएचरूट करायला, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून कमांड चालवायला, जातात आणि अडकतात. आतला बॅशही त्याच मोडक्या लायब्ररीवर उभा असतो, तो सुरूच होत नाही. म्हणून २.३१ चं पॅकेज वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, त्यातली मूळ फाइल बाहेरूनच जागेवर ठेवा, 'लिबसी डॉट एसओ डॉट ६' ही लिंक तिच्याकडे वळवा. मग सीएचरूट करून लिबसी६ हे जीलिबसीचं पॅकेज रीइन्स्टॉल करा.

पण फोर्स लावून पाच-पंचवीस पॅकेजं चढवली असतील, तर हा गुंता सोडवत बसू नका. होम फोल्डरचा बॅकअप घ्या आणि नवं टाका. दुरुस्तीनंतर तुम्ही परत २.३१ वरच येता, म्हणजे ज्या प्रोग्रामसाठी हा खटाटोप झाला तो तरीही चालत नाही. २२.०४ मध्ये २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. जुने प्रोग्राम नव्या जीलिबसीवर सहसा चालतात, उलटं होत नाही. शिवाय २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपलाय. अडचण एकच, प्रिंटरपासून बिलिंगपर्यंत सगळं पुन्हा बसवावं लागतं.

कारखान्याचा माल दोन दिवसांत निघायचा होता, म्हणून मी दुरुस्तीच केली. नवा प्रोग्राम २२.०४ च्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच मशीनवरच्या एका वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, टाकून दिला. कंटेनरची जीलिबसी त्याची स्वतःची असते, मशीनच्या लायब्ररीला हात लागत नाही. २४.०४ टाकायचं काम ऑर्डर गेल्यावरच्या रविवारी ठरलंय.