चार अक्षरांच्या टेस्टला कंटाळला असाल तर ही १२० प्रश्नांची करून बघा (५ पैकी ४)

पर्सनॅलिटी टेस्ट म्हटलं की लोकांना ती चार अक्षरंवाली एमबीटीआयच आठवते, तुमचा टाइप INTJ वगैरे चार इंग्रजी अक्षरांत सांगणारी. आमच्या ऑफिसात एचआरने तसलं एक वर्कशॉप घेतलं होतं, तेव्हापासून एक जण क्लायंटचा कॉल आला की "मी इंट्रोव्हर्ट टाइप आहे, तूच बोल" म्हणून हेडफोन चढवतो. सुधारणा राहिली बाजूला, कामचुकारपणाला सर्टिफिकेट मिळालं 😄

मी सांगतोय ती वेगळी, आयपीआयपी-निओ. अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉन जॉन्सन यांनी केलेलं १२० वाक्यांचं छोटं व्हर्जन, मोठं ३०० चं पण आहे पण तेवढा पेशन्स कुणाला. वाक्यं मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांच्या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संग्रहातली आहेत, त्यामुळे फुकट. हे मुद्दाम सांगतोय कारण आधी एका साइटने माझ्याकडून सगळं भरून घेतलं आणि रिझल्टच्या तोंडावर पेमेंटचं पान उघडलं, बंदच केलं मग.

यात टाइप वगैरे काही मिळत नाही, पाच मुख्य स्वभावगुण, प्रत्येकाचे सहा पोटभाग, असे ३० आकडे मिळतात, आणि ते तुमच्याच वयोगटातल्या नि लिंगाच्या लोकांशी तुलना करून. खालचे ३० टक्के म्हणजे लो, मधले ४० अॅव्हरेज, वरचे ३० हाय. लो म्हणजे नापास नाही हं, नुसतं तुलनेत कमी.

खरी मजा पोटभागांत आहे. माझा कॉन्शिएन्शसनेस, म्हणजे नेटकेपणा, जबाबदारी वगैरे, एकूण अॅव्हरेज आला, त्यात काय कळणार डोंबल. पण आत बघितलं तर कर्तव्याची जाणीव एकदम हाय आणि सेल्फ-डिसिप्लिन तळाला. आणि ते पटलंच, कारण दुसऱ्याला शब्द दिला की मी रात्र जागून काम करतो पण स्वतःचं काही असलं, मेडिक्लेमचं रिन्यूअल म्हणा, दाताची अपॉइंटमेंट म्हणा, की लास्ट डेटपर्यंत लोळत पडतं. म्हणून शिस्त लावायच्या नादी न लागता मी आता स्वतःची कामं दुसऱ्याला शब्द देऊन बांधून टाकतो. सकाळी चालायला शेजारच्या काकांबरोबर ठरवलंय, ते साडेपाचला गेटवर उभे असतात, त्यांना ताटकळत ठेवून झोपायची हिंमत आहे का माझी?

नुसतं रिपोर्ट वाचून मात्र काही होत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवरचा १५ आठवड्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात स्वभाव बदलायला दर आठवड्याला छोटी छोटी कामं दिलेली, ज्यांनी ती खरंच केली त्यांच्यात फरक दिसला, ज्यांनी नुसती घेतली नि केली नाहीत त्यांच्यात नाही.

एक स्टार कापला तो इंग्रजीसाठी. बरीच वाक्यं उलटी आहेत, "मी खोली पसरून ठेवतो" टाइप, म्हणजे हो म्हटलं की त्या गुणाचा आकडा कमी होतो, घाईत भरलं की भलतंच टिक होतं. शिवाय आपलंच उत्तर आपण देणार, म्हटलं एकदा बायकोला माझ्या नावाने भरू दे. आतल्या काळज्यांचे तिने दिलेले आकडे माझ्यापेक्षा कमी आले, ते ठीक आहे, तिला कुठून दिसणार, पण रागाचा आकडा बराच वर गेला आणि तिथे वाद घालायची सोय नव्हती, घातला असता तर आणखी वर गेला असता.

आणि प्लीज, ही स्वतःपुरती ठेवा, कुणाला पारखायला नको. आमच्या एका मावशींनी हे सगळं ऐकून लगेच विचारलं, "स्थळाच्या पत्रिकेबरोबर हेपण मागवता येईल का रे?"