गाणी ऐकायला नव्हे, कव्हरासाठी घेतलेली रेकॉर्ड

आधीच सांगतो, माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. नारायण पेठेत आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि पुस्तकांची कव्हरं हे मुख्य काम. त्यामुळे बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, मागवली ती निव्वळ कव्हरासाठी. 1967ची मूळ ब्रिटिश प्रत आपल्या ऐपतीतली नाही. ही 2012 साली पुन्हा निघालेली स्टिरिओ आवृत्ती. तीन हजारांच्या वर गेले. घरी आकडा जरा कमी करून सांगितलाय.

सीडीवर हे कव्हर कित्येक वर्षं पाहत होतो. भडक गणवेशातले चौघं आणि मागे गर्दी, एवढंच डोक्यात होतं. 12 सेंटिमीटरच्या चौकोनात ती गर्दी म्हणजे नुसते ठिपके. तेच चित्र एक फूट बाय एक फूट समोर आल्यावर मी काउंटरवरची प्रुफं बाजूला सारली आणि भिंग काढलं.

आमच्या डिझायनर पोराने पाहिलं आणि विचारलं, “काका, लेअर किती असतील हो यात?” संगणकावर चित्रावर चित्र चढवतात ते थर म्हणजे लेअर, आणि इथे असा एकही नाही! पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ हे तेव्हाचं चित्रकार जोडपं. त्यांनी लंडनच्या चेल्सी भागात मायकेल कूपरच्या स्टुडिओत हा सगळा देखावा खराखुरा उभा केला. फोटो माणसाच्या उंचीएवढे मोठे करून घेतले, हार्डबोर्डवर चिकटवले, कडेने कापले आणि रांगेमागे रांग लावली. असे 57 फोटो आणि 9 मेणाचे पुतळे. मेणाच्या पुतळ्यांत खुद्द बीटल्सही आहेत, काळ्या सुटातले, स्वतःच्याच शेजारी उभे. 30 मार्च 1967 रोजी चौघं त्या गर्दीपुढे येऊन उभे राहिले आणि फोटो निघाला. मधल्या ड्रमवरची अक्षरं जो एफग्रेव्ह नावाच्या रंगाऱ्याने हाताने रंगवलीत, आणि पुढच्या वाफ्यात लाल फुलांनी बँडचं नाव लिहिलंय.

मागच्या रांगांतले चेहरे नीट बघा. मूळ फोटो कृष्णधवल, त्यावर हॅवर्थबाईंनी हाताने रंग चढवलेत. वाड्यात भिंतीवर टांगलेल्या आजोबांच्या फोटोला गालावर जसा गुलाबी हात फिरवलेला असायचा, तसाच हा रंग. पुढचे चौघं मात्र खऱ्या उजेडात, खऱ्या सॅटिनमध्ये. एकाच फ्रेममध्ये दोन जातींचे रंग असल्यामुळे चौघं कागदातून अर्धा इंच पुढे आल्यासारखे वाटतात. हे सीडीवर कधी जाणवलंच नव्हतं.

आता आपल्या माणसांकडे येतो. वरच्या रांगेत अगदी डावीकडे योगी श्रीयुक्तेश्वर. त्यांच्या शेजारी अॅलिस्टर क्राउली हा जादूटोणेवाला आणि त्याच्या पलीकडे नटी मे वेस्ट. शेजार बघा! युक्तेश्वर, त्यांचे शिष्य परमहंस योगानंद, लाहिरी महाशय आणि बाबाजी ही चारही नावं चौघांपैकी जॉर्ज हॅरिसनने कव्हरावर कोण हवं म्हणून दिलेल्या यादीतली. महात्मा गांधींचाही कटआउट तयार होता, लुईस कॅरोलच्या शेजारी उभाही केला होता. पण बीटल्सच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड अडून बसले. भारतात लोक दुखावतील अशी त्यांना धास्ती होती, आणि कलकत्त्याजवळ डमडमला रेकॉर्डचा कारखाना असलेली ग्रामोफोन कंपनी तेव्हा ईएमआयचीच होती. गांधीजी कव्हरावरून गेले. जागा अशी बुजवलीय की सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. मला गंमत वाटते ती पुढची: गांधीजींची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी चौघांच्या पायाशी, फुलांत ठेवलेली चार हातांची लक्ष्मी तशीच राहू दिली. तिच्याबद्दल साहेबांना कुणी सांगितलं नसावं!

वरच्या रांगेत एक जागा मोकळी आहे. तिथे लिओ गॉर्सी हा नट होता. त्याने 400 डॉलर मागितले, म्हणून त्याच्यावर रंग फासला. हे काम मात्र भिंगाखाली ओळखू येतं, आजूबाजूला एवढी दाटी आणि इथेच निळी फट. मे वेस्टनेही आधी नकार दिला होता. एकाकी जिवांच्या क्लबात माझं काय काम, असं तिचं म्हणणं. मग चौघांनी तिला स्वतः पत्र लिहिलं.

खर्च झाला सुमारे 3,000 पौंड, जेव्हा साधारण कव्हर 50 पौंडांत उरकायचं. ब्लेकच्या हातात त्यातले 200 पडले. धंद्यातल्या माणसाला हे गणित समजावून सांगायला नको.

तक्रारीचं एकच ठिकाण म्हणजे मागची बाजू. तिथे सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेत. रॉक रेकॉर्डवर असं त्याआधी कुणी केलं नव्हतं, त्याचं श्रेय पूर्ण द्यायला हवं. पण लाल जमिनीवर काळा मजकूर, तोही बारीक टायपात? आमच्याकडे गिऱ्हाईकाने असं मागितलं तर मी दोनदा विचारतो. शिवाय एवढे शब्द छापले, पण ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात दिलरुबा हे तंतुवाद्य वाजवणारे अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांची नावं मूळ कव्हरावर कुठेच नव्हती. अण्णा जोशी हे नाव मला बऱ्याच उशिरा कळलं आणि तेव्हापासून ती मोकळी राहिलेली ओळ डोळ्यांत खुपते.

आतल्या मोठ्या पानावर पिवळ्या पार्श्वभूमीवरचे चौघं आहेत. ठीक आहेत, पोस्टरसारखे. रेकॉर्डची आतली पिशवी गुलाबी-लाल लाटांची, द फूल या डच चित्रकार मंडळींनी केलेली. ती मला आतल्या फोटोपेक्षा जास्त आवडली.

पार्सलचा एक कोपरा दबून आला. विकणाऱ्या वेबसाइटने पैसे थोडे परत केले, कव्हर ठेवून घ्या म्हणाले. ठेवलं. तुम्ही मागवत असाल तर आधी पॅकिंग विचारा. कडक पुठ्ठ्याच्या दोन पाट्यांमध्ये पाठवणार असतील तरच पैसे भरा. फ्रेम करायची असेल तर काच आणि कव्हर यांच्यात माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात पृष्ठभाग काचेला चिकटतो.

आणि आत एक कार्ड आहे, कापून घ्यायचं: खोटी मिशी, बिल्ले, सार्जंटच्या फिती, उभं करून ठेवायचं बँडचं चित्र. आमच्या पुतणीने लगेच कात्री आणली. तिला 300 जीएसएमच्या जाड कार्डावर रंगीत प्रिंट काढून दिलं. घरात लहान मूल असेल तर तुम्हीही तेच करा, आणि मिशी थोडी मोठी काढा, मूळ मापाची मोठ्यांना पुरत नाही.