सासरच्या १७८० च्या पूर्वजाचा शोध: विल, पेन्शन फाइल आणि फॅमिलीसर्च, कित्येक महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. अमेरिकेतला १८५० च्या आधीचा पूर्वज शोधायचा असेल तर पैसे भरायच्या साइटवर कार्ड टाकण्याआधी दोन कागद बघा, एक विल म्हणजे मृत्युपत्र आणि दुसरी स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनची फाइल. दोन्ही घरबसल्या, बऱ्याचदा फुकटात दिसतात. गेले कित्येक महिने रात्री स्वयंपाकघर आवरलं की मी हेच करत बसते, नवरा म्हणतो माझ्या घराण्याची माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहिती झालीय, आणि ते खरंच आहे.

माझं माहेर नाशिकचं, नवरा पक्का नॉर्थ कॅरोलायनाचा. २०२६ मधल्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांच्या निमित्ताने सासूबाईंच्या डोक्यात आलं की नातीचं डीएआर मध्ये, म्हणजे डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन मध्ये नाव घालायचं. ही १८९० ची संस्था, मेंबर व्हायला मुलगी अठराची लागते आणि स्वातंत्र्ययुद्धाला मदत केलेल्या माणसापर्यंत थेट रक्ताची साखळी कागदाने दाखवावी लागते, प्रत्येक पिढीची. सून म्हणून मला तिथे शून्य किंमत, पण क्लार्कचं काम मात्र माझ्याकडे 😄

अडचण अशी की १७९० ते १८४० च्या जनगणनेत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असतं, बाकी बायकापोरं म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले नुसते आकडे. घरातल्या सगळ्यांची (गुलाम सोडून) नावं १८५० पासून. त्यामुळे कोण कोणाचा मुलगा हे जनगणनेत कळतच नाही, ते कळतं विलमध्ये. आणि आमच्या माणसाचं नाव इतकं कॉमन की रोवान काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) त्याच सुमाराला त्याच नावाआडनावाचे तिघं होते, आडनाव इथे टाकत नाही कारण सासरचे गूगल ट्रान्सलेट लावून वाचतात.

फॅमिलीसर्च ही मॉर्मन चर्चची साइट, अकाउंट फुकट. २०२४ मध्ये त्यांनी फुल-टेक्स्ट सर्च आणला, हाताने लिहिलेली जुनी विलं आणि जमिनीचे दस्त मशीन वाचतं आणि तुम्ही त्यातला कुठलाही शब्द शोधू शकता. आधी इंडेक्समध्ये फक्त मरणाऱ्याचं नाव सापडायचं, आता साक्षीदार, जावई, शेजारी, लिलावात घोडा विकत घेणारा, सगळे सापडतात. खरं सोनं तिथे आहे. मशीन अठराव्या शतकातलं अक्षर वाचणार म्हणजे चुकणारच, एस चा एल होतो, दोन एस मधला पहिला लांब असतो तो एफ वाटतो, म्हणून आडनाव तीनचार स्पेलिंगने टाका आणि नाहीच मिळालं तर ओढ्याचं नाव टाका. मी ॲबट्स क्रीक टाकलं आणि तिघांपैकी एकाच्या बापाचं विल समोर आलं.

ते विल तीनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. बायकोला हयातीपर्यंत घर आणि एक तृतीयांश जमीन, धाकट्याला उरलेली जमीन, मुलींना प्रत्येकी एक पिसांची गादी अंथरुणासकट आणि गायवासरू, आणि आमच्या माणसाला फक्त एक शिलिंग. सासूबाई एकदम हिरमुसल्या, म्हणाल्या बापाशी भांडण होतं वाटतं. तसं असेलच असं नाही, बऱ्याचदा मोठ्या मुलाला लग्नाच्या वेळीच जमीन दिलेली असायची आणि विलमध्ये शिलिंग लिहायचं म्हणजे तू विसरला गेला नाहीस, तुझा हिशोब झालाय. दस्तात शोधलं तर खरंच, बापाने त्याला आधीच त्याच ओढ्यावर जमीन करून दिलेली. म्हणून नुसतं विल वाचून थांबू नका, दस्त बघा, आणि मालमत्तेची यादी आणि लिलावाचा कागद पण बघा, तिथे खरेदी करणारे निम्मे घरचेच असतात.

त्याच विलमध्ये गाद्या आणि गायवासराच्या मधे एका गुलाम मुलीचं नाव आहे, नुसतं पहिलं नाव, बायकोला हयातीपर्यंत आणि पुढे मुलीला 'तिच्या होणाऱ्या पोरांसकट'. हे वाचल्यावर टेबलावर कोणी बोललं नाही. सासूबाईंना ते पान फाइलमध्ये नको होतं, लेक म्हणाली नको तर मग मला मेंबरशिप पण नको. पान राहिलं. गुलाम केलेल्या बहुतेक लोकांची नावानिशी जनगणनेत नोंद थेट १८७० मध्ये, त्यामुळे त्यांच्या वंशजांना मागे जायला अशीच मालकाची विलं लागतात, आणि फुल-टेक्स्टमध्ये ती नावं पण शोधता येतात. मी त्या मुलीचं नाव, विलचं वर्ष आणि काउंटी साइटवरच्या आमच्या ट्रीच्या, म्हणजे वंशवृक्षाच्या, नोटमध्ये टाकून ठेवलंय, कोणी शोधत असेल तर सापडेल.

आता पेन्शन. १८०० मध्ये वॉर डिपार्टमेंटला आग लागली त्यात सुरुवातीचे बरेच कागद गेले, पण १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनंतरच्या फायली आहेत. साधारण ८०,००० फायली, नॅशनल आर्काइव्हज म्हणजे सरकारी दप्तरखान्याच्या एम८०४ या मायक्रोफिल्म मालिकेत, आणि त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये फुकट. फोल्ड३ या साइटवर पण आहेत, ते पैसे घेतात पण बऱ्याच पब्लिक लायब्ररीत कार्डावर चालतं. दक्षिणेकडच्या सैनिकांसाठी सदर्न कॅम्पेन्स म्हणून एक साइट आहे, तिथे हजारो फायली स्वयंसेवकांनी टाइप करून ठेवल्यात, डोळे वाचतात. नंबरच्या आधी एस असेल तर सैनिकाचा अर्ज, डब्ल्यू म्हणजे विधवेचा, आर म्हणजे नामंजूर. आर बघून सोडून देऊ नका, नामंजूर झालेला माणूस जास्त बोलतो. विधवेच्या फाइलमध्ये लग्न सिद्ध करायला बायबलमधलं कुटुंबाच्या नोंदींचं पान फाडून जोडलेलं असू शकतं, म्हणजे लॉटरीच.

१८३२ च्या कायद्यात मिलिशियावाल्यांना, म्हणजे गरजेपुरतं बोलावलेल्या गावच्या सैनिकांना पण पेन्शन मिळायला लागली, किमान सहा महिने सेवा हवी. म्हातारा काउंटीच्या कोर्टात उभा राहून सांगायचा आणि ठरलेले प्रश्न असायचे, जन्म कुठे, वयाची नोंद आहे का, बोलावलं तेव्हा राहायला कुठे होतास, स्वतःहून गेलास की ड्राफ्ट म्हणजे सक्तीने भरती झालास की दुसऱ्याच्या बदली, शेजारपाजारचं कोण ओळखतं. आमच्याने सांगितलं, जन्म पेनसिल्व्हेनियात, पोरवयात बापाबरोबर ॲबट्स क्रीकला आलो, तिथेच आहे. बाकी दोघं नामसखे इथेच गळले. त्यात अर्ज डेव्हिडसन काउंटीचा, रोवानचा नाही, कारण १८२२ मध्ये रोवानमधून डेव्हिडसन वेगळी काढली, माणूस जागचा हललेला नाही पण जिल्हा बदलला, ठाण्याचं २०१४ ला पालघर झालं तसं. काउंटी कधी कशातून निघाली हे आधी बघा नाहीतर चुकीच्या कोर्टात वर्षभर शोधत बसाल.

घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले की हे किंग्ज माउंटनच्या १७८० च्या लढाईत लढले. ते स्वतः सांगतात की मी लढाईनंतर पोचलो आणि पकडलेल्या लोकांवर बेथाबारा गावात पहारा दिला. तीन महिन्यांच्या तीन फेऱ्या, मिळून नऊ महिने, वर्षाला ३० डॉलर. नवऱ्याला हा माणूस हिरोपेक्षा जास्त आवडला, मला पण. ओळख पटवणाऱ्या शेजाऱ्याचं नाव वाचलं तर बापाच्या विलवर त्याचीच साक्ष! त्या रात्री मी नवऱ्याला उठवलं.

पैसे भरायच्या एका साइटबद्दल, नाव घेत नाही. फुकट ट्रायल संपल्यावर न विचारता वर्षभराचे पैसे कापले, आणि त्यांच्या हिंट्स (हा तुमचा पूर्वज असेल अशा सूचना) म्हणजे लोकांनी एकमेकांचं कॉपी केलेलं, एका ट्रीमध्ये तर आमच्या माणसाची आई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिघा नामसख्यांचा बहुतेक ठिकाणी एकच माणूस करून टाकलाय. हिंट घ्या, पण मूळ कागदाचा फोटो नसेल तर पुढे जा.

आणि जमलं तर एकदा नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी रॅली, तिथल्या स्टेट आर्काइव्हजला जा. काउंटीच्या विल बुकमध्ये क्लार्कने उतरवलेली नक्कल असते, मूळ विलं बरीचशी तिथे जपलीत. नकलेत सह्या आणि फुल्या सगळ्या एकाच हाताच्या दिसतात, मुळात बापाने सहीच्या जागी थरथरती फुली मारलीय ते दिसलं.

स्टार द्यायचे तर फॅमिलीसर्चला पाचपैकी साडेचार, पेन्शन फायलींना पाच. डीएआरचा अर्ज लेक अठराची झाली की जाईल. बापाच्या विलमध्ये बायकोचं नुसतं पहिलं नाव आहे, तिचं माहेर कुठलं ते अजून लागलेलं नाही, त्यासाठी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरची विलं चाळणं चालू आहे. तिकडच्या जर्मन अक्षरात लिहिलेल्या चर्चच्या नोंदी कोणाला वाचता येत असतील तर सांगा, मला मोडी येते पण इथे तिचा काही उपयोग नाही.