टपालाने गाणी पाठवायची तर कॅसेट, सीडी की पेनड्राइव्ह?

दहा-बारा स्नेह्यांनी आपापल्या आवडीची गाणी क्रमवार जुळवून ती टपालाने एकमेकांना पाठवायचे ठरवले, की दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतात : गाणी कशावर भरायची आणि पाकीट कोणाकडून कोणाकडे जायचे. पहिल्या प्रश्नावर भरपूर चर्चा होते; उपक्रम मात्र बहुधा दुसऱ्यापायी बंद पडतो.

कॅसेटवर गाणे भरताना ते संपूर्ण वाजू द्यावे लागते, म्हणून 90 मिनिटांच्या कॅसेटला तेवढाच वेळ लागतो आणि निवडीत आपोआप काळजी येते. दोन बाजूंमुळे मध्यंतरही मिळते. पण 40 मिनिटांचा ख्याल 60 मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर मावत नाही, कोकणातल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर दोन्ही घरांत असावा लागतो. तो असेल, तरच या वाटेला जावे.

पेनड्राइव्हची अडचण नेमकी उलट आहे. 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर उत्तम प्रतीची एमपी3 गाणी शंभर तासांहून अधिक मावतात, आणि शंभर तासांची निवड म्हणजे निवडच नव्हे. गाडीत किंवा टीव्हीला तो चटकन लागतो, हे मात्र खरे.

माझा कौल सीडीला आहे. साध्या ऑडिओ सीडीवर 80 मिनिटे मावतात. जुन्या दहा इंची तबकड्यांची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, म्हणजे नाट्यसंगीताची पंचवीसेक पदे सहज बसतात आणि एखादा विस्तृत ख्यालही अखंड राहतो. एवढे एका बैठकीत ऐकून होते. सीडीवर नाव लिहिताना बॉलपेन वापरू नये, कारण परावर्तक थर लिहिण्याच्या बाजूला अगदी वरच असतो आणि टोकाच्या दाबाने तो दुखावतो; मऊ टोकाचे, पाण्याच्या शाईचे पेन घ्यावे. प्लास्टिकची डबी टपालात बिजागरीपाशी तडकते, म्हणून कागदी पाकिटातली सीडी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावावी. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी चालत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला आधी विचारावेच; त्याच्याकडे सोय नसेल तर पेनड्राइव्ह द्यावा, पण 80 मिनिटांची मर्यादा पाळून आणि फाइलींना 01, 02 असे क्रमांक देऊन.

आता पाकिटाचा प्रवास. एकच पाकीट सर्वांकडे फिरवण्याची कल्पना मोहक आहे, कारण प्रत्येकाची भर पडत ते मोठे होत जाते. मात्र आठ जणांनी प्रत्येकी दहा दिवस ठेवले आणि टपालाचे चार दिवस धरले, तर एक फेरी 112 दिवसांची होते. आमची अशी एक फेरी तिसऱ्या घरी अडकली ती अडकलीच, आणि पुढच्या पाच जणांनी काहीच ऐकले नाही, याची खंत मला अजून आहे. सगळ्यांनी एकाकडे पाठवायचे आणि त्याने प्रती काढायच्या, या पद्धतीत बारा जणांसाठी 144 प्रतींचा भार एकाच माणसावर पडतो. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकाव्यात : प्रत्येकाने एक सीडी करावी, जिचे नाव निघेल तिला किंवा त्याला पाठवावी, आणि दर महिन्याला चिठ्ठ्या नव्याने काढाव्यात. यात एकाने दिरंगाई केली तर एकाचेच नुकसान होते.

गाणी निवडताना स्वामित्वहक्काचा विचार हवा, कारण प्रती वाटणे म्हणजे घरी ऐकणे नव्हे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो. पदाचा आणि चालीचा हक्क वेगळा असून तो कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षे असतो. ‘मानापमान’मधील पदांचे कर्ते कृ. प्र. खाडिलकर 1948 मध्ये आणि संगीतकार गोविंदराव टेंबे 1955 मध्ये निवर्तले, त्यामुळे या पदांच्या बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्या निर्धास्तपणे घेता येतात. पहिल्या महिन्यासाठी मी अशीच निवड सुचवेन, आणि सोबत प्रत्येक पद त्या क्रमाने का ठेवले हे सांगणारे हाताने लिहिलेले पत्र.