चहा फक्कड, पाटी नडली
आलं ठेचून घातलेला चहा, सोबत तर्रीपोहे. चवीला पाचपैकी पाच. पण बाप्पा, ती नवी पाटी! 'राजकीय चर्चा करू नये.' जानेवारी २०१९मध्ये आमच्या यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, तेव्हा याच बाकड्यावर आम्ही दोन तास भांडलो होतो. मी म्हणालो, बोलावून मग 'येऊ नका' कसं म्हणता? समोरचा म्हणाला, मराठी संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला? पटलं नाही, तरी त्याच्या चहाचे पैसे मीच दिले. आता तोच भाऊ मान खाली घालून मोबाइल बघत बसतो. एक स्टार पाटीपायी कापला. शेव मात्र अजून सढळ हातानं टाकतात.